लिबेनच्या वळणावरची स्टेनगन

व्हिखोवातेल्नाच्या थांब्यावर ट्राममधून उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. समोर मोठा रस्ता, भरधाव गाड्या. प्रागच्या लिबेन भागातलं १९४२चं ते वळण नव्या रस्त्यांनी गिळून टाकलंय. २००९ साली उभारलेलं स्मारक तेवढं आहे, उंच खांबावर हात पसरून उभ्या तीन मानवाकृती.

२७ मे १९४२ला इथंच नाझी अधिकारी हायड्रिखची उघडी मर्सिडीज वळणापाशी हळू झाली. त्याला मारायला ब्रिटनहून पॅराशूटनं उतरलेला चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाब्चीक पुढे आला, रेनकोटाआडची स्टेनगन रोखून त्यानं चाप ओढला. गोळी सुटलीच नाही.

लहानपणी पेपरात ‘स्टेनगनधारी पोलीस’ वाचायचो, तेव्हा ते एका ठरावीक बंदुकीचं नाव आहे हे माहीत नव्हतं. शेफर्डचा एस, टर्पिनचा टी आणि एन्फिल्डच्या कारखान्याचा ईएन. १९४०मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांची शस्त्रं मागेच राहिली, अमेरिकन टॉमीगन परवडेना. म्हणून १९४१मध्ये मेजर शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी ही बंदूक घडवली. नळी, पत्रा, थोडं वेल्डिंग. साध्या वर्कशॉपातही भाग बनावेत अशी. खर्च दोन-तीन पौंड. युद्धभरात चाळीस लाखांच्या आसपास बनल्या. गोळी ९ मिलिमीटरची, जर्मनांचीच, त्यामुळे शत्रूकडून हिसकावलेला दारूगोळाही चालायचा. सुटी करून कोटाखाली लपवता येई. पोलंड आणि डेन्मार्कच्या भूमिगतांनी तर चोरून स्वतःच्या स्टेन बनवल्या.

दुखणं होतं मॅगझिनचं, म्हणजे गोळ्यांच्या पेटीचं. आडव्या बसणाऱ्या त्या पेटीत ३२ गोळ्या दोन रांगांत, पण तोंडाशी दोन्ही रांगा एकीत मिसळायच्या. तोंडाची पत्र्याची कड जरा वाकली, किंवा आत घाण गेली, की बंदूक अडलीच. अनुभवी सैनिक दोन-चार गोळ्या कमीच भरायचे. मला तरी टर्पिन-शेफर्डना दोष द्यावासा वाटत नाही. देश उघडा पडला असताना त्यांनी हातात येईल ते दिलं.

गाब्चीकची बंदूक अडली, तेव्हा त्याचा साथीदार यान कुबिशने बॉम्ब फेकला. जखमी हायड्रिख ४ जूनला मेला. सूड म्हणून नाझींनी १० जूनला लिदित्से गावातल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. हा आकडा वाचताना प्रत्येक वेळी घसा दाटतो.

दुपारी रेस्लोवा रस्त्यावरच्या सिरिल-मेथोडियस चर्चमध्ये गेलो. १८ जूनला गाब्चीक, कुबिश आणि त्यांचे साथी असे सात पॅराशूटधारी इथं वेढले गेले, आणि त्याच दिवशी सातही जण मरण पावले. रस्त्यालगतच्या छोट्या खिडकीभोवती गोळ्यांचे खड्डे जसेच्या तसे आहेत, खाली कुणीतरी ताजी फुलं ठेवलेली. याच खिडकीतून तळघरात पाणी सोडलं होतं. आत गारवा. भिंतीत एक भगदाड आहे, गटारापर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी खणलेलं. मी वाकून आत पाहिलं. विटा फोडलेल्या आहेत, आणि पुढे नुसती माती.