पट्ट्यांचं आडवं कार्डिगन: खांदा बसला!

खांदा बसला एकदाचा! पाठीच्या मधोमध सुरू करून दोन्ही बाजूंना बाह्यांकडे जाणारं हे कार्डिगन गेले कित्येक दिवस खांद्यावर अडलं होतं. काल रात्री अंगावर चढवून पाहिलं, तर मानेपासून दंडापर्यंत कुठेही चुणी नाही. मोरपंखी आणि राखाडी पट्टे खांद्यावर बाणासारखे टोकदार होऊन पुढे-मागे उतरतात. आरशासमोरून हलवेना.

आधी रचना थोडक्यात सांगते. पाठीच्या मध्यावर क्रोशाच्या साखळीवर ११२ तात्पुरते टाके (नंतर साखळी सोडून दुसरी बाजू इथूनच निघते), मग गळ्यापर्यंत गार्टरचे, म्हणजे प्रत्येक ओळ सुलट विणलेल्या विणीचे, १८ कंगोरे (दोन ओळींचा एक कंगोरा), तिथे पुढच्या भागासाठी आणखी ११२ टाके आणि पुढे सलग २२४ टाक्यांची ओळ. ही ओळ पाठीच्या काठापासून खांद्यावरून पुढच्या काठापर्यंत जाते, त्यामुळे खांद्याला शिवण नाहीच. आठ नंबरच्या सुईवर माझे १० सेंटिमीटरला २० टाके आणि २० कंगोरे येतात. गार्टरची हीच गंमत मला सगळ्यात आवडते, टाक्याची रुंदी आणि कंगोऱ्याची उंची सारखी. सगळा हिशेब चौकटींच्या कागदावर मांडता येतो.

आता खांदा. माणसाचा खांदा उतरता असतो आणि आडव्या विणीची ओळ सरळ. शिवण नसल्यामुळे उतार द्यायला जागाच उरत नाही. नुसतं सरळ विणलं की मानेजवळ घट्ट आणि दंडावर फुगा. वर पुढच्या-मागच्या भागांचं वजन त्या एकाच रेषेवर लटकतं. अर्ध्या ओळी विणून मागे वळण्याची युक्ती करून पाहिली. उतार मिळाला, पण पट्टे मध्येच पाचरीसारखे तुटले. साध्या एकरंगी स्वेटरला ते चालून गेलं असतं, पट्ट्यांना नाही.

वाट सापडली विणकामाच्या रचनाकार एलिझाबेथ झिमरमन यांच्या १९६८ च्या बेबी सरप्राइज जॅकेटमुळे. त्यात सगळा आकार दोन ठरावीक जागी टाके कमी-जास्त करून येतो. सुईवरून उतरलेला तुकडा कसलाच दिसत नाही आणि घडी घातली की अंगरखा! मग खांद्याच्या रेषेवर तेच का नाही? मधला टाका खुणेचा धरायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका घटवत जायचं. मागचा एक गेला, पुढचा एक गेला, खांदा एका टाक्याने खाली.

किती कंगोऱ्यांनी घटवायचं हे कागदानेच सांगितलं. दर दुसऱ्या कंगोऱ्याला घटवलं तर उतार फार तीव्र. दर तिसऱ्याला घटवलं तर १८ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ३६ कंगोऱ्यांत, १२ वेळा घट आणि ६ सेंटिमीटरचा उतार. माझ्या अंगाला नेमका हाच हवा होता.

आणि इथेच पट्टे आडवे आले. माझे पट्टे दोन कंगोऱ्यांचे, घट दर तिसऱ्याला. त्यामुळे घट कधी पट्ट्याच्या सुरुवातीला, कधी शेवटी. सुरुवातीला आली की घात. दोन टाके एकत्र न विणता उचलायचे, एक सुलट विणायचा आणि उचललेले त्यावरून काढायचे, या घटीत मधला टाका सगळ्यांच्या वर येऊन बसतो. रंग बदलण्याच्या ओळीत तो टाका जुन्या रंगाचा असतो. परिणामी नव्या राखाडी पट्ट्यात मोरपंखी दात घुसलेला. एक पट्टा स्वच्छ, एक दातेरी, पुन्हा एक स्वच्छ. डोळ्याला इतकं खुपायचं की दुसरं काही दिसेना.

उपाय निघाला तो पट्टाच तीन कंगोऱ्यांचा करण्याचा. आता प्रत्येक पट्ट्याला एकच घट, आणि तीही दुसऱ्या कंगोऱ्याच्या सुलट बाजूच्या ओळीत, जिथे खाली-वर एकच रंग असतो. पाठीचे १८ कंगोरेही तिनाने भाग जाणारे, म्हणजे तिथेही सहा पूर्ण पट्टे. मध्यापर्यंत सगळं उसवलं, पण हे पट्टे आधीच्यापेक्षा कितीतरी देखणे आहेत. खुणेचा टाका मी उलट बाजूने येताना उलट विणते. त्यामुळे खांद्यावर एक बारीक साखळी उठून दिसते.

तात्पुरत्या टाक्यांबद्दल एक पक्कं सांगते. साखळीवरची पहिली ओळ सुलट बाजूने विणली असेल, तर साखळी सोडून विरुद्ध दिशेने निघतानाही पहिली ओळ सुलट बाजू समोर ठेवूनच विणायची. मग पाठीच्या मध्यावर कंगोऱ्यांचा क्रम मोडत नाही, जोड शोधावा लागतो. एक टाका कमी भरतो, तो काठाशी वाढवून घ्यायचा.

लोकरीचं म्हणाल तर राखाडी पुण्यातल्या बोहरी आळीतून आणली. दुकानदाराने स्वतःहून सगळ्या गुंड्यांचे लॉट नंबर, म्हणजे रंगवण्याच्या खेपेचे आकडे, जुळवून दिले. मोरपंखी ऑनलाइन मागवली होती, त्यात दोन लॉट निघाले, तक्रारीला उत्तर नाही. उन्हात धरलं की फरक कळतो. गडद लॉट बाह्यांसाठी बाजूला ठेवलाय. रंगाच्या लोकरीला हात लावून, लॉट बघूनच पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत झालंय. सुया मात्र लांब वायरच्याच घ्या. २२४ टाके सरळ सुयांवर मावत नाहीत आणि सगळं वजन मनगटावर येतं.

बाह्यांची चिंता वेगळी. अंगात कंगोरे उभे आहेत, पण बाहीत ते हाताभोवती फिरणार, म्हणजे गार्टर ताणला जातो तीच दिशा खाली लोंबणार. धुतलेला नमुना चिमट्याने टांगून ठेवला, तर सकाळपर्यंत लक्षात येण्याइतका लांबला. म्हणून बाही नऊ नंबरच्या, म्हणजे आठपेक्षा बारीक, सुईवर आणि मनगटाच्या बरीच वर थांबवायची ठरवली होती. हे लिहितानाच सुचतंय की त्यापेक्षा पाऊण बाहीच करावी. वजन कमी, आणि पुण्याच्या थंडीला तेवढी पुरते. उरलेल्या गडद मोरपंखीतून रुंद बटणपट्टीही निघेल. तसं झालं तर दोन लॉट शेजारी येण्याचा प्रश्नच मिटतो, कारण पट्टी राखाडीला लागून येईल.

खांद्याच्या आतून क्रोशाची एक घट्ट साखळीही घालणार आहे, रेषा ताणू नये म्हणून. ती खुणेच्या टाक्यातून घालावी की त्याच्या शेजारून? शेजारून घातली तर बाहेरची साखळी फुगीर राहील असं वाटतंय. कुणी गार्टरवर करून पाहिलं असेल तर बाही सुरू करण्याआधी सांगा. एका बाहीचे ८० टाके सुईवर तयार आहेत.