किशोरांच्या शिवकालीन कादंबऱ्या आणि माझी शब्दवही: सध्या कुठवर आलंय

मंडळी, शिवकालीन कादंबऱ्यांत भेटणारे जुने शब्द मी ज्यात टिपते ती शब्दवही आता छान भरत चाललीय. किशोरांसाठीच्याच कादंबऱ्या का, मोठ्यांच्या जाडजूड का नाही, असं बरेच जण विचारतात. माझं मत असं की मोठ्यांच्या कादंबरीत लेखक शब्द टाकून पुढे निघून जातो, किशोरांसाठी लिहिणारा चांगला लेखक मात्र तो शब्द प्रसंगात असा बसवतो की अर्थ आपोआप कळतो. म्हणजे पागेत घोडी तहानलीयत, कुणीतरी पखालजीला हाक मारतं आणि तो कातडी पखाल खांद्यावर घेऊन धावत येतो, झालं, कोश उघडायची गरजच नाही. तळटीपा देणारी पुस्तकं मला त्यामानाने कमी आवडतात, कारण टीप वाचून झाली की शब्द डोक्यातून जातो.

या खेपेला सगळ्यात मजा आली ती सैन्याच्या शब्दांत. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा, हे एकदा कळलं की गोष्टीतल्या पोराला शिलेदारच का व्हायचंय ते लगेच लक्षात येतं. मग सभासद बखरीतली (शिवाजी महाराजांवरची जुनी बखर) रचना शोधली, 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी, आणि प्रत्येक 25 घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. एवढं पाठ झाल्यावर लढाईची पानं वाचताना कोण कुणाला हुकूम देतोय ते डोळ्यासमोर उभं राहतं.

दुसरं घबाड म्हणजे -नीस. हा फारसीतला 'लिहिणारा', त्यामुळे चिटणीस पत्रं लिहिणार, पोतनीस पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणार, सबनीस हजेरीपट बघणार, कारखानीस धान्य आणि सामानाच्या नोंदी करणार. एका प्रत्ययात अख्खी ओळच्या ओळ सुटते!! आणि ही तर आपल्या ओळखीची आडनावं, म्हणून विसरायला होतच नाही.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा, कथा कुठल्या सालात घडतेय ते आधी बघा. 1674 च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावं आली, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती, आणि कारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोशही महाराजांनी करवून घेतला. म्हणून अफजलखान प्रकरणावरच्या म्हणजे 1659 च्या गोष्टीत नेताजी पालकर सरनौबत असतात ते अगदी बरोबर. जो लेखक हे सांभाळतो त्याच्या बाकीच्या शब्दांवरही मी डोळे झाकून विश्वास ठेवते.

माझी पद्धत अशी, आधी प्रकरण न थांबता वाचायचं, नुसती पेन्सिलीची खूण करायची, अंदाज वहीत लिहायचा आणि मगच मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांच्या कोशात बघायचं (दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर). मग तो शब्द आजच्या बोलण्यात कुठे उरलाय ते शोधायचं, ही माझी सर्वात लाडकी पायरी. बिनी म्हणजे फौजेची आघाडी, म्हणून पेपरात 'बिनीचा फलंदाज'. बाजारबुणगे म्हणजे सैन्याबरोबर फिरणारा पण न लढणारा गोतावळा. रसद, कुमक, मोहीम तर आपण रोज वापरतो.

किल्ल्याचे शब्द, माची, बालेकिल्ला, चोरदिंडी (लपलेला छोटा दरवाजा), अंबारखाना (धान्याचं कोठार) वगैरे, बऱ्यापैकी पक्के झालेत. आता आरमाराकडे वळलेय. जहाजांत गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची आणि गलबत लहान, चपळ, वल्ह्यांवरही पळणारं, एवढं जमलंय. तांडेल आणि सारंग या जहाजावरच्या खलाशांच्या म्होरक्यांची कामं नेमकी कशी वाटलेली असायची हे प्रसंगातून दाखवणारी किशोर कादंबरी कुणी वाचली असेल तर नक्की सुचवा, पुढची तीच घेईन.