कोरडी गादी, गार पाणी : मे ते जानेवारीची नोंद

गेल्या पावसाळ्यात माझ्या खुराड्यातून जो वास सुटला होता, त्याबद्दल शेजारच्या काकी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्या रांधपघराची आमच्या बाजूची खिडकी चार महिने बंद राहिली. यंदा ती उघडी राहावी एवढेच ध्येय ठेवून मेपासून वही घातली. तिच्यातल्या कामाच्या नोंदी इथे उतरवतो.

आधी जागा सांगतो. गोव्यातला डिचोली तालुका, परसात चिऱ्यांच्या जोत्यावर १० बाय ६ फुटांचे खुराडे, खाली कोबा, वर कौले, तीन बाजूंना जाळी. पक्षी १५: आठ ग्रामप्रिया (ही अंड्यांसाठीची सुधारित जात), पाच गावठी तलंगा (म्हणजे तरुण कोंबड्या), एक म्हातारी गावठी आणि एक कोंबडा. पहाट नेमकी कधी होते हे कोंबड्याला अजून कळलेले नाही.

मे, शेवटचा आठवडा

घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धांदल. आईच्या यादीत सुकी मासळी, मिरच्या, सोलां, उकडे तांदूळ. माझ्या यादीत तूस. पावसाची बेगमी आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही, पण कोंबड्यांच्या बिछान्याचीही, म्हणजे त्यांच्या पायांखाली पसरायच्या गादीचीही, बेगमी करावी हे मला दोन वर्षे सुचले नव्हते. जुलैतही गिरणीवर तूस मिळते, पण ते आपल्या गादीइतकेच ओले असते. यंदा उकड्या तांदळाच्या गिरणीतून बारा पोती तूस आणि सुताराकडून चार पोती रंध्याचे छिलके आणले. दोन दिवस ताडपत्रीवर कडक उन्हात पसरले आणि प्लास्टिकच्या गोणींत भरून माळ्यावर चढवले.

सॉ मिलचा बारीक भुसा फुकट मिळत होता, तो घेतला नाही. तो उडतो, दमट झाला की बुरशी धरतो आणि ती बुरशी पक्ष्यांच्या फुप्फुसांत जाते. काथ्याचा भुसा गेल्या वर्षी वापरून झाला. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी तो पितो, म्हणून लोक त्याची तारीफ करतात. पण जुलैत प्यालेले पाणी तो सोडणार कुठे? आठ दिवसांत गार, जड लगदा झाला. तुसाचे उलटे आहे. ते फारसे पाणी पीत नाही, पण मोकळे राहते, त्यात हवा खेळते आणि कोंबड्या उकरून उकरून ते वरखाली करत राहतात. आपल्या हवेत पिणाऱ्यापेक्षा मोकळे राहणारे बरे, असे माझे मत झाले आहे. काजूची सुकी पाने मात्र कुणी घालू नका. एकावर एक चिकटून त्यांची चटई होते.

गादी उन्हाळ्यात दोन इंच होती, ती पाच इंच केली.

९ जून

काल रात्री पाऊस आला तो वाऱ्यासकट. पश्चिमेच्या जाळीवर माडाची विणलेली चुडते बांधली होती, पण वारा नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून शिरला आणि सकाळी तिकडची गादी थबथबलेली. गेल्या वर्षी अशी ओली गादी मी कोरडीत कालवून टाकली होती. त्याने ओली कोरडी झाली नाही, सगळीच ओली झाली. यंदा सहा घमेली भरून सरळ बाहेर काढली, कोबा पुसला, माळ्यावरचे तूस घातले. चुडते कोपऱ्यावरून वळवून हातभर पुढे नेली.

काढताना एक गोष्ट दिसली. पाऊस शिरलेल्या कोपऱ्यापेक्षाही जास्त ओला भाग पाण्याच्या भांड्याभोवती होता, आणि तिथे तर पाऊस पोचलाच नव्हता.

१४ जून

पावसात दुसरे काम नाही म्हणून हिशेब मांडला. अंड्यावरची कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. माझ्या १५ पक्ष्यांना साडेतीन लिटर पुरायला हवे. मी रोज पाच भरतो आणि संध्याकाळी भांडे रिकामे असते, म्हणजे उरलेले दीड लिटर चोचीने उडवून गादीत. शिवाय एका कोंबडीची दिवसाची शिट सव्वाशे ग्रॅमच्या घरात, आणि ताज्या शिटेत तीन चतुर्थांश पाणीच असते. पंधरा जणांचे मिळून ते जवळजवळ दीड लिटर. छपरातून थेंब गळला नाही तरी रोज तीन लिटर पाणी गादीत पडते आहे! जानेवारीत ते हवेत उडून जाते. जूनमध्ये हवाच भिजलेली असते, ती कुठून घेणार? गादी आणि पाणी मी दोन वेगळ्या पानांवर लिहीत होतो. आता एकच पान केले.

त्याच संध्याकाळी दोन बदल केले. बसायच्या पोफळीच्या दांड्यांखाली पत्रा टाकून त्यावर मूठभर तूस पसरले. रात्रभराची शिट आता पत्र्यावर पडते आणि सकाळी खुरप्याने पाच मिनिटांत खरवडून निघते. दुसरे म्हणजे भांडे विटांवर चढवले. त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे. खाली असले की त्या त्यात तूस उडवतात, पाय घालतात. भांड्याखाली जुन्या टबात खडी घालून वर वेल्डमेश ठेवली, म्हणजे सांडलेले टबात जाते, गादीत नाही.

२२ जून

निप्पल बसवले, म्हणजे चोचीने दाबले की थेंब सोडणाऱ्या बारीक तोट्या. वीस लिटरची झाकणाची बादली, तिच्यातून पीव्हीसी पाइप, पाइपाला तीन निप्पल. तलंगा अर्ध्या तासात शिकल्या, ग्रामप्रियांना दोन दिवस लागले. म्हातारी अजून निप्पलसमोर उभी राहून माझ्याकडेच बघते. तिच्यासाठी बाहेर मातीची वाटी ठेवली आहे, आणि आता बाकीच्याही तिथेच पितात.

निप्पलवर विसंबणाऱ्यांना एक इशारा. आमच्या विहिरीच्या पाण्यात चिऱ्यांचा तांबडा गाळ येतो. तो निप्पलच्या पिनेत अडकला की थेंब थेंब गळती सुरू होते, आणि ती भांडे उलटण्यापेक्षा वाईट, कारण दिसत नाही. बादलीच्या तोंडाला दुहेरी फडके बांधून पाणी ओततो, आणि रोज रात्री पाइपाखाली हात फिरवतो.

६ जुलै

आजची चूक सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला मला चार जणांनी दिला होता. सलग पाच दिवस झड. गादी वरून दबली, पापड धरला. "चुनो मार," असे सगळे म्हणाले. चांगला दोन किलो मारला आणि दंताळ्याने कालवला. अर्ध्या तासात डोळ्यांना झोंबेल असा वास! कोंबड्या दाराशी गोळा, मी सगळी चुडते वर करून पावसातच हवा घेतोय.

नंतर डोके शांत झाल्यावर उलगडले. शिटेतला नत्र ओलाव्यात अमोनियाच्या रूपात साठलेला असतो. गादी आंबट बाजूला असेपर्यंत तो बराचसा तिथेच अडकून राहतो. चुन्याने गादी अल्कधर्मी झाली की तो वायू होऊन सुटतो. चुना वाईट नाही. खुराडे रिकामे करून, धुऊन, कोब्यावर मारायला उत्तम. पक्षी आत असताना, ओल्या गादीवर, नको. पापड फोडून बाहेर काढायचा, खालचे दंताळ्याने मोकळे करायचे, वर कोरडे तूस घालायचे. तेच शेवटी केले.

अमोनिया हुंगायचा तो उभे राहून नाही. आपले नाक पाच फुटांवर, कोंबडीचे एका फुटावर. मी आता रोज सकाळी दारातून आत शिरण्याआधी उकिडवा बसतो आणि एक श्वास घेतो. आत शिरल्यावर दोन मिनिटांनी नाक सरावते, मग त्याच्या सांगण्यात अर्थ नाही.

१९ ते २७ जुलै

दोन तलंगा पिसे फुगवून बसल्या, शिटेत रक्त. रक्ती हगवण. तिचे जंतू शिटेतून पडतात आणि उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात, म्हणजे ६ तारखेचा पापड मला इथे भोवला. जुन्या कोंबड्यांनी ती आधी पचवलेली असते, तलंगा सापडतात. पशुवैद्यांनी पाण्यातून ॲम्प्रोलियम दिले.

इथे पुन्हा ते एकच पान. औषध पाण्यातून, आणि गार पावसाळी दिवसांत कोंबड्या पाणी कमी पितात. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाहेरची वाटी काढली, पन्हळीचे पाणी साचते ते खळगे बुजवले, औषधाच्या पाण्याशिवाय दुसरे पाणीच ठेवले नाही. आजारी दोघींना ड्रॉपरने पाजले. एक वाचली. दुसरी २३ तारखेला गेली, पेरूच्या झाडाखाली पुरली.

ऑगस्ट

तवा-चाचणी. गादीची मूठ दाबून पाहतात ती पद्धत सगळ्यांना माहीत आहे: गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओली, गोळा होऊन बोट लावताच फुटला तर बरोबर, गोळाच होत नसेल तर फार कोरडी. मला आकडा हवा होता. परसातल्या चुलीवर मोडका तवा, १०० ग्रॅम गादी, मंद आचेवर वजन उतरायचे थांबेपर्यंत परतायची. ७० ग्रॅम उरली तर ओलावा ३० टक्के. २० ते २५ मध्ये राहिली तर उत्तम, तिशीच्या पुढे पापड धरायला लागतो. ६ जुलैच्या पापडाचा तुकडा मी पिशवीत बांधून ठेवला होता: ४१. पत्रा, निप्पल आणि आठवड्याला एक पोते तूस यांच्या जोरावर ऑगस्टअखेर: २८. भर पावसात २८ म्हणजे मी खूश आहे. वजनकाटा स्वयंपाकघरातला होता हे आईला चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

चतुर्थीला काकींची खिडकी उघडी होती.

ऑक्टोबर

पाऊस ओसरला आणि उकाडा आला. १० तारखेपासून अंडी नऊवरून पाचवर. खाणे ठीक, शिट ठीक, मुंगसाची चाहूलही नाही. चार दिवस डोके खाजवले. मग एका दुपारी दोन वाजता सहज निप्पल दाबला तर हातावर जवळजवळ चहाचे पाणी! पावसाळ्यात ढगांखाली असलेला पाइप आता दुपारी थेट उन्हात येत होता. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून, श्वासावाटे पाणी उडवून अंग गार ठेवते, म्हणजे उन्हात तिला पाणी जास्त लागते, आणि नेमके तेव्हाच गरम पाणी ती पीत नाही. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी, मग पाणी नाही तर अंडी कुठली? धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे कवचही पातळ पडते. त्या आठवड्यात दोन अंडी हातात फुटली होती, मी कवचासाठी घालतो त्या शिंपल्याच्या चुऱ्याला दोष देत बसलो.

बादली फणसाच्या सावलीत नेली, पाइपाला पांढरा रंग मारला, बादलीभोवती ओले गोणपाट. आठवड्याने अंडी आठ.

जुनी गादी निम्मी काढून तीन इंचांवर आणली. कुजणारी जाड गादी खालून ऊब देते, ती आता कुणाला हवी आहे? काढलेली खड्ड्यात घातली. धीर न धरवून एक टोपली थेट मिरचीच्या रोपांना घातली, चार दिवसांत पाने करपली. दोन-तीन महिने मुरू द्या. कोंबडखत ताजे असताना फार तिखट असते.

नोव्हेंबर

मानमोडी (राणीखेत) रोगाची बूस्टर लस, लासोटा नावाची, पाण्यातून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते लस मारते, म्हणून विहिरीचे पाणी, त्यात थोडी स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर. निप्पल बंद करून दोन तास तहानलेल्या ठेवल्या आणि पसरट भांड्यांत दिली. म्हातारीने सगळ्यांत आधी चोच घातली. भांडे तिचे होते.

डिसेंबर, जानेवारी

लडाख-काश्मीरकडे या दिवसांत सकाळी भांड्यातले पाणी दगड झालेले असते. तिकडचे लोक दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी नेऊन देतात, आणि गादी जाड ठेवतात ती त्या कुजण्याच्या उबेसाठीच. आपला हिवाळा म्हणजे पहाटे विशीच्या आसपास, दवाने भिजलेली जाळी, आणि दुपारी पुन्हा बत्तीस. रात्रभर बादलीत राहिलेल्या गार पाण्याला कोंबड्या सकाळी फारशा शिवत नाहीत. विहिरीतून ताजे ओढलेले पाणी या दिवसांत कोमट लागते, तेच उजाडताना घालतो. दोन महिने हे केले आणि सकाळचे पिणे स्पष्ट वाढले. दुपारी मातीच्या परातीत पाणी. कोरड्या वाऱ्यात ती सुरेख गार राहते, ओल्या हवेत तिचा उपयोग नव्हता. अंडी सहावर आली आहेत, पण दिवस सव्वाअकरा तासांचा आणि चार जणी पिसे गाळताहेत. दोन्हींनी अंडी कमी होतात, त्यामुळे मी गप्प आहे.

गादीने मात्र आता उलटी तक्रार सुरू केली आहे. सकाळी कोंबड्या उकरायला लागल्या की खुराड्यात धुळीचे धुके, दोघी शिंकतात. तव्यावर आकडा १६. काल झारी घेऊन गादीवर हलके पाणी शिंपडत होतो, तांब्याभर, दांड्यांपासून दूर. खिडकीतून काकी बराच वेळ बघत होत्या.

"आतां उदक घालता रे ताका?"

मी हो म्हटले. समजावून सांगायला गेलो असतो तर जूनपासून सुरुवात करावी लागली असती. आज सकाळी पुन्हा तवा चढवला: २१. माळ्यावर दोन पोती तूस उरले आहे, मेपर्यंत ते पुरेल. पुढच्या पुरुमेंताला मात्र पंधरा पोती आणणार आहे.