दुसऱ्याचा पेपर तपासताना

परवा रात्री एका शोधपत्रिकेने पाठवलेला पेपर, म्हणजे छापण्याआधीचा शोधनिबंध, तपासायला बसले. मी निष्कर्ष आधी वाचतच नाही; थेट पद्धतीचा भाग आणि तक्ते. तिसऱ्या तक्त्यात नमुने 48, मजकुरात 52. मग चार गेले कुठे? एवढ्या एका प्रश्नात तास गेला. छापायचं की नाही ते संपादक ठरवतात. आम्ही तपासणारे शिफारस करतो, तीही बहुतेकदा मानधनाशिवाय. लेखकांना माझं नाव कळणार नाही, म्हणून शब्द उलट जास्तच जपून वापरते.

1936 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकशास्त्राच्या शोधपत्रिकेने आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा लेख असाच बाहेर तपासायला दिला. ते चिडले, लेखच परत घेतला. चूक मात्र खरंच होती!

मी ‘मोठ्या दुरुस्त्या’ असा शेरा मारून पाठवलाय. त्या चार नमुन्यांचं उत्तर अजून यायचंय.