आधी कपडा उलटा करून बघायचा

आज ताईला जुन्या कपड्यांच्या दुकानात घेऊन गेलो होतो. ती रंग बघून भराभर हँगर सरकवत होती आणि मी आपला एकच शर्ट घेऊन खिडकीपाशी उभा, तर म्हणाली अरे एवढं काय बघतोयस, आवडला तर घे नाहीतर ठेवून दे. तिथे गर्दीत नीट सांगता आलं नाही म्हणून आत्ता रात्री बसून लिहितोय, तिलाही पाठवीन.

मी बघत होतो ती झीज. नवा कपडा घेताना आपल्याला त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं, पहिल्या धुण्यात आटेल का, रंग सोडेल का, शिवण फिरेल का, काही कळत नाही. जुन्या कपड्याचं यातलं बरंचसं होऊन गेलेलं असतं. आटायचा तेवढा बहुतेक आटलाय, रंग जायचा तेवढा गेलाय, आणि एवढं होऊनही तो धड उभा असेल तर कापड चांगलं आहे हे त्याने स्वतःच दाखवून दिलंय. मला मनापासून वाटतं की जुनं घ्यायला आणि घरात आहे ते टिकवायला नजर एकच लागते. कुठे झिजतं आणि का झिजतं हे एकदा कळायला लागलं की दुकानात पण उपयोग होतो आणि घरी कपाटापुढे पण.

तर कपडा हातात आला की आधी उलटा करायचा. बाहेरून इस्त्री करून सगळंच छान दिसतं, खरं काय ते आत कळतं. काखा, कोपर, कॉलरची घडी, कफची कड, पँट असेल तर दोन मांड्यांच्या मधला भाग आणि बसायची जागा, खिशाचे कोपरे. कापड दोन हातात धरून उजेडासमोर न्यायचं. एरवी ठीक दिसणाऱ्या पँटमध्ये मांडीपाशी एकदम जाळी दिसते, उभे धागे राहिलेत आणि आडवे घासून गेलेत असं. ते विरलेलं कापड. अजून फाटलं नाहीये पण थोड्याच दिवसांत फाटणार. आज तो शर्ट मी ठेवून दिला तो कॉलरमुळे नाही, पाठीवर खांद्याच्या पट्टीखाली कापड विरलं होतं म्हणून, कॉलर खराब असती तर घेतला असता.

उसवलेली शिवण, सुटलेला मुडप, गेलेलं बटण, हे सगळं चालतं कारण त्यात कापड शाबूत आहे, फक्त दोरा गेलाय. चेनचं पण तसंच, दात जागेवर असतील आणि बंद केल्यावर मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा रनर, म्हणजे चेनवर मागेपुढे सरकतो तो भाग, सैल झालेला असतो, पकडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं की परत धरते. एवढ्या कारणासाठी लोक चांगली जॅकेटं टाकून देतात याचं मला फार वाईट वाटतं. दात तुटलेले असतील तर मात्र पूर्ण चेन बदलावी लागते, ते काम मोठं आहे, तेवढा कपडा आवडला असेल तरच घ्यायचा.

काही गोष्टींना मात्र इलाज नाही. टी-शर्टची बाजूची शिवण खालून पोटावर फिरलेली असेल तर ते कापडच तिरकं आहे, कितीही ओढून इस्त्री करा पुढच्या धुण्यात परत फिरणार. स्ट्रेच जीन्सच्या गुडघ्यावर किंवा मागे केसासारखे बारीक पांढरट धागे बाहेर आलेले दिसले तर आतलं इलास्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा रबरासारखा धागा, तुटायला लागलंय, ती पँट आता ढगळ होत जाणार. लोकरीचा स्वेटर घट्ट, जाडसर आणि पुठ्ठ्यासारखा लागला तर तो गरम पाण्यात घुसळला गेलाय, लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, उष्णता आणि घासाघीस दोन्ही मिळाली की ते एकमेकात अडकून बसतात आणि मग सुटत नाहीत. आणि वास. सुती कपड्याचा घामाचा वास बहुतेक धुण्यात जातो, पॉलिस्टरचा चिवट असतो कारण ते तेल धरून ठेवतं, घामातला तेलकट भाग तिथेच राहतो. म्हणून पॉलिस्टरचा कपडा काखेत हुंगून बघायला अजिबात लाजत नाही मी.

साइजचं लेबल मी वाचतच नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, त्यात जुना कपडा आटलेला किंवा सैल झालेला. त्यापेक्षा आपल्याला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट घरी सपाट पसरून मोजून ठेवायची, छाती, खांदा, बाही, कंबर, आतली लांबी, आणि ते आकडे फोनमध्ये ठेवून टेप बरोबर घेऊन जायचं. जमलं तर आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, किती सोडलीय तेही बघायचं. शिवणीत चांगली माया असेल तर कपडा सैल करता येतो, मुडपात कापड असेल तर उंची सोडता येते. हल्ली पुष्कळ कपड्यांत माया जेमतेम शिवणीपुरती असते, म्हणजे बनवतानाच धरून चाललेत की हा कोणी परत उसवणार नाही.

आता डागडुजीचं. यात एकच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, भोक पडायची वाट बघायची नाही. विरलेलं दिसलं की तेव्हाच ठिगळ, आणि ते आतून. मागच्या आठवड्यात माझ्या रोजच्या जीन्सला केलं. मांडीपाशी हात फिरवला तर कापड मऊ आणि पातळ लागत होतं, दुसरीकडे तसं नव्हतं. जुन्या जीन्सचा तेवढ्याच जाडीचा तुकडा घेतला, आधीच भरपूर धुतलेला म्हणजे नंतर आटून मूळ कापड ओढणार नाही. विरलेल्या भागापेक्षा सगळीकडून दोन बोटं मोठा, चार कोपरे गोल कापलेले, कारण टोकदार कोपऱ्यावर ताण येतो आणि तिथूनच उचकटायला लागतं. तुकड्याचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याच्या दिशेने लावला, नाहीतर दोन कापडं दोन दिशांना ताणतात. मग नुसता धावदोरा, ओळीखाली ओळ, अगदी जवळ जवळ, आणि प्रत्येक ओळ विरलेला भाग ओलांडून धड कापडात नेऊन संपवायची, तीही सगळ्या एकाच रेषेत नाही, एक थोडी पुढे एक थोडी मागे, म्हणजे सगळा ताण एका जागी येत नाही. दोरा सुती, कापडापेक्षा दणकट नको. नायलॉनचा दोरा वापरला तर तो टिकतो पण शेजारचं कापड कापत जातो. बाहेरून टाके बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, मला ते आवडतात.

जीन्सच्या खिशावर जे तांब्याचे रिव्हेट असतात त्यामागे हाच विचार आहे. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, गिऱ्हाइकांच्या कामाच्या पँटी खिशाच्या कोपऱ्यावर फाटतात म्हणून त्याने ताण येणाऱ्या जागीच धातू ठोकला, आणि १८७३ साली त्याला आणि लीव्हाय स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याला त्याचं अमेरिकेत पेटंट मिळालं. फाटतं कुठे ते आधी बघितलं आणि तिथेच बळकटी दिली, आपण सुईदोऱ्याने तेच करतो.

याबाबतीत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनबद्दल वाचलेलं मनात राहिलंय. १ जून १९४१ पासून तिथे कपड्यांचं रेशनिंग होतं, पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कूपनं, आणि ते थेट १९४९ पर्यंत चाललं, म्हणजे युद्ध संपून चार वर्षं होईपर्यंत. सरकारच लोकांना शिकवत होतं की आहे ते दुरुस्त करून वापरा, ‘मेक डू अँड मेंड’ म्हणून मोहीम होती. त्यातल्या दोन युक्त्या मी अजून वापरतो. शर्टची कॉलर घडीवर झिजली की ती उसवून काढायची आणि उलटी करून परत शिवायची, झिजलेली बाजू खाली जाते आणि आतली कोरी बाजू वर येते. आणि चादर मधोमध विरली की उभी मधून कापायची, दोन्ही कडांचं धड कापड आणून मध्ये जोडायचं, विरलेला भाग कडेला जातो आणि तो गादीखाली खोचला जातो. मध्ये शिवण येते, ती चपटी घातली तर झोपताना बोचत नाही. त्या लोकांवर वेळच तशी आली होती, आपल्यावर नाही, पण युक्ती चांगली ती चांगलीच.

धुण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण कपडे अंगावर जेवढे झिजत नाहीत तेवढे मशीनमध्ये झिजतात असं मला वाटायला लागलंय. ड्रायर वापरणाऱ्यांनी जाळीवर जमलेली पिंजलेली लव एकदा हातात घेऊन बघावी. तो बाहेरचा कचरा नाही, तो आपलाच शर्ट आहे, थोडा थोडा निघालेला. म्हणून जे नुसतं घालून काढलंय, मळलं नाहीये, ते मी हवेवर टांगतो आणि परत घालतो. डाग असेल तर तेवढाच धुतो. मशीनमध्ये टाकताना उलटं करून, चेन आणि हुक लावून, कमी तापमानावर, आणि ड्रम कोंबायचा नाही. गडद कपडे सावलीत वाळत घालायचे कारण उन्हाने रंग उडतो, पांढऱ्यांना मात्र ऊन चांगलं. स्वेटर टांगायचा नाही, पाण्याच्या वजनाने लांबत जातो, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरायचा. रक्ताचा डाग गार पाण्यात, गरम पाणी घातलं की तो पक्का बसतो. लोकर आणि रेशमाला एन्झाइमवाली पावडर नको. अंडं-रक्ताचे डाग काढणारी एन्झाइम प्रोटीन तोडतात आणि लोकर-रेशीम म्हणजे प्रोटीनच. आणि ज्यात इलास्टेन आहे त्याला कडक इस्त्री नको, क्लोरीनचं ब्लीच तर बिलकुल नको.

कसरीचं पण सांगून ठेवतो, जुन्या लोकरी कपड्यातून ती घरात येऊ शकते. खाते ती अळी, उडणारा पतंग नाही, आणि घाम-तेलाचे डाग असलेली जागा तिला जास्त आवडते म्हणून लोकरी कपडे मळके कधी ठेवून द्यायचे नाहीत. दुकानातून आणलेला स्वेटर मी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि मगच कपाटात नेतो.

एक गोष्ट मला खटकते. जुनं आहे, स्वस्त आहे, म्हणून लोक ढिगाने उचलतात आणि सहा महिन्यांनी तसंच्या तसं परत देऊन येतात, त्यांना वाटतं चांगलं काम केलं. दिलेलं सगळं आपल्या आसपासचं कुणी घालतंच असं नाही. त्यातलं काही गठ्ठे बांधून समुद्रापार जातं. घानामध्ये आक्रा शहरात कांतामांतो म्हणून जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, तिथले शिंपी, धोबी, रंगारी ते गठ्ठे फोडून धुतात, उसवून परत शिवतात, रंगवतात आणि विकतात. जगातलं हे सगळ्यात कसबी दुरुस्तीचं काम असेल. पण गठ्ठ्यात मुळातच विरलेलं आणि हलकं कापड आलं तर त्यांच्या कौशल्याला करायला काही उरत नाही, तो शेवटी कचराच होतो आणि तो त्यांच्या शहरात पडतो. म्हणून द्यायचं तर धुवून, बटणं लावून, उसवलेलं शिवून द्यावं. आणि जे खरंच संपलंय ते घरीच संपवावं.

एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने साधारण १०,००० लिटर पाणी लागतं असा हिशोब आहे, त्यात पावसाचं पाणीही आलं. एवढं लागलेलं कापड एक बाही फाटली म्हणून टाकवत नाही मला. संपलेल्या शर्टची आधी बटणं काढतो आणि एका दोऱ्यात ओवून ठेवतो म्हणजे सेट हरवत नाही. पाठीचा आणि खालच्या घेराचा भाग सगळ्यात कमी झिजलेला असतो, तो ठिगळासाठी घडी करून डब्यात. कॉलर-कफच्या आतलं कडक कापड पिशवीच्या बंदाला लावायला बरं पडतं. उरलेलं सुती पुसायला. पॉलिस्टर त्याला चालत नाही, पाणी ओढतच नाही, नुसतं पसरवतं, त्याची मी पिशव्यांना अस्तरं लावतो किंवा पट्ट्या कापून टोमॅटो-वेलींना बांधायला ठेवतो, पावसात भिजून कुजत नाहीत.