सापडेपर्यंत: संदेशात गोष्ट सांगायला शिकताना

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला महिन्यातून एका रविवारी संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, द्यायला सांगितलं, तेव्हा संडे स्कूलमध्ये शिकवून मला बारा वर्षं झाली होती. मुलांना गोष्टी सांगायची सवय होती. मोठ्यांसमोर उभं राहायचं तर निदान तेवढी शिदोरी आपल्याकडे आहे, असं मी धरून चालले. पुढच्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त अडखळले ते या गोष्टींपाशीच.

पहिला संदेश बायबलमधल्या मत्तय 7 वर होता, खडकावर बांधलेलं घर आणि वाळूवर बांधलेलं घर. मोबाइलवर फिरत आलेली एक गोष्ट मी त्याला जोडली: निवृत्तीला आलेला गवंडी शेवटचं घर कसंतरी उरकतो आणि मालक तेच घर त्याला बक्षीस देतो. लोकांनी माना डोलावल्या. उपासना संपल्यावर माझ्याच वर्गातला एक मुलगा जवळ आला. "टीचर, हे खरंच झालं होतं का? कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "एका शहरात एक गवंडी होता," असं मी अगदी पाहिल्यासारखं सांगितलं होतं.

घरी येऊन उतारा पुन्हा वाचला, तेव्हा दुसरी चूक दिसली. गवंड्याच्या गोष्टीचं सार हे की काम प्रामाणिकपणे करावं. येशू इथे ते सांगत नाही. त्याच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, दोघंही वचन ऐकतात. पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात. फरक एवढाच की एकाने ऐकलेलं केलं आणि दुसऱ्याने केलं नाही. माझ्या गोष्टीत पूरच नव्हता. ज्या बाईच्या घरावर त्या आठवड्यात खरोखर संकट कोसळलं असेल, तिच्या हाती मी काय दिलं?

दुसऱ्या वेळची चूक याहून मोठी होती. 1 पेत्र 5:7 वर बोलायचं होतं, आपली सगळी चिंता त्याच्यावर, म्हणजे देवावर, टाका. उसनी गोष्ट नको, आपल्या माणसांतलीच सांगू, असं ठरवलं. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका बहिणीने मला सांगितलं होतं की तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आहे, पण मुलांना कळू नये म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. मी नाव घेतलं नाही. नोकरीच्या जागी धंदा केला. एवढं पुरे, असं मला वाटलं.

ती तिसऱ्या बाकावर बसली होती, दोन्ही बाजूंना मुलं. मी डब्याचा उल्लेख केला आणि मोठ्या मुलीने वळून आईकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे ती बघत राहिली, संदेश संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "मी तुला प्रार्थनेसाठी सांगितलं होतं." त्यानंतर पाच रविवार ती आली नाही.

मी पाळकसाहेबांकडे जाऊन सांगितलं की मला हे जमणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माफी मागितलीस ना? आता पुढे ऐक. तू गोष्ट आधी धरतेस आणि वचन तिच्या मागे ओढतेस. आधी मला त्या उताऱ्यातला तो एक शब्द सांग, ज्यावर सगळं फिरतं. तो सांगता येत नाही तोवर गोष्टीच्या मागे जाऊ नकोस." आणि त्यांनी मला पुढचा उतारा दिला: लूक 15, वचनं 8 ते 10. हरवलेलं नाणं.

त्याच दिवसापासून मी एक वही ठेवायला लागले. तिच्यात शिकवण लिहायची नाही, फक्त जे दिसलं ते. कोण काय करत होतं, हात कसे हलत होते, नेमके शब्द कोणते. "आज धीराचं महत्त्व कळलं" असं लिहिलेली पानं मी नंतर फाडून टाकली, कारण त्यांचा काहीच उपयोग होत नव्हता. "लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची पिशवी दोन मुलांनी एक-एक बंद धरून नेली, आजोबा मागून रिकाम्या हातांनी" ही नोंद मात्र अजून तशीच आहे. ती कुठल्या वचनाला लागेल ते मला अजून माहीत नाही. वहीतल्या दहातल्या नऊ नोंदी अशाच पडून असतात आणि ते बरंच आहे.

लूक 15 मधला तो एक शब्द शोधायला मला आठवडा लागला. आधी वाटलं 'आनंद', कारण त्या अध्यायातल्या तिन्ही दाखल्यांच्या (हरवलेलं मेंढरू, नाणं आणि मुलगा) शेवटी आनंद आहे. मग वाटलं 'हरवलेलं'. मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचताना जीभ एका शब्दावर थांबली: सापडेपर्यंत. मेंढपाळ मेंढरू सापडेपर्यंत त्याच्या मागे जातो, चौथं वचन. बाई नाणं सापडेपर्यंत शोधते, आठवं वचन. संध्याकाळपर्यंत नाही, दमेपर्यंत नाही.

आणि त्याच आठवड्यात आईच्या कानातल्याची फिरकी पडली.

मोत्याएवढीसुद्धा नसते ती. आईने आधी सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं. "कोणी पाय उचलू नका." मग मला म्हणाली, ट्यूबलाइट बंद कर. मला कळेना, शोधायचं तर उजेड हवा ना? तिने हातातली बॅटरी जमिनीवर आडवी टेकवली आणि हळूहळू फिरवायला लागली. फरशीवरचा प्रत्येक कण आपली सावली घेऊन उभा राहिला. धुळीची सावली, तुटलेल्या बटणाची सावली. सत्तरीची बाई गाल फरशीला टेकवून, एक डोळा मिटून बघत होती. मिळेना, तेव्हा तिने झाडू घेतला, आणि झाडताना आम्हाला बोलू देईना. ती बघत नव्हतीच, कान देऊन ऐकत होती. कपाटाखालून टिक् असा बारीक आवाज आला.

मी तशीच उठून लूक उघडलं. दिवा लावून, घर झाडून, मन लावून. हे शब्द मी लहानपणापासून वाचत आले होते आणि घरकामाचं साधं वर्णन म्हणून पुढे जात होते. आता मला ती बाई दिसली. त्या काळचं साधं घर, आत उजेड कमी, म्हणून दिवा. आणि झाडू कदाचित नाण्याचा आवाज यावा म्हणून. नाण्याला ओरडता येत नाही. मेंढरू निदान ओरडेल, मुलगा निदान घरची वाट धरेल. नाण्याला तर आपण हरवलोय हेही माहीत नसतं. शोधणाऱ्यालाच त्याचा आवाज काढावा लागतो.

हा संदेश लिहिताना पहिल्या कच्च्या प्रतीत फिरकीने दोन पानं घेतली आणि वचनाला अर्धं पान उरलं. मी मोठ्याने वाचून वेळ लावली. मग कापत गेले. ट्यूबलाइट ठेवली, कारण अंधार हवा होता. झाडूचा आवाज ठेवला. फिरकी कधी घेतली, कोणी दिली, आई नंतर काय म्हणाली, हे सगळं गेलं. ते मला प्रिय होतं, पण ऐकणाऱ्याला ते वचनाकडे नेत नव्हतं. थॉमस फुलर या सतराव्या शतकातल्या इंग्रज धर्मगुरूने म्हटलं होतं की संदेशात युक्तिवाद हे खांब असतात आणि दृष्टांत या खिडक्या. मी ते असं समजले: खिडकी बाहेर बघायला असते. लोक तिच्या चौकटीवरचं नक्षीकाम बघत बसले, तर मी सुतारकाम दाखवत होते.

आईला मी संदेशाचा तेवढा भाग आधी वाचून दाखवला. आता प्रत्येक वेळी करते. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारायचं, नुसतं "सांगू का?" असं नाही, तर काय आणि कसं सांगणार ते ऐकवून. कौतुकाची गोष्ट असली तरी. स्वतःच्या मुलांचीसुद्धा, त्यांच्या बाबतीत तर जास्तच, कारण ती नाही म्हणू शकतात हे त्यांना सांगावं लागतं. प्रार्थनेत कानावर आलेलं तर विचारायलाही जायचं नाही. आणि गोष्ट रचलेली असेल तर सरळ म्हणायचं, "समजा, एक माणूस आहे". येशू "एका मनुष्याला दोन पुत्र होते" म्हणाला तेव्हा तो माणूस कुठल्या गावचा, असं कोणी विचारलं नसावं. दाखला आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं.

चांगल्या शोमरोन्यावर बोलायची वेळ आली, तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरले. लूक 10 मधला दाखला: लुटारूंनी घायाळ केलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) टाळून जातात, आणि यहुद्यांना नकोसा असलेला एक शोमरोनी त्याला उचलून उतारशाळेत नेतो. वहीत मदतीच्या गोष्टी भरपूर होत्या, रस्त्यात पडलेल्याला उचललं, चुकलेल्या मुलाला घरी पोचवलं. एकही लागत नव्हती. अभ्यासाला बसल्यावर कळलं की या दाखल्याचे पूर्वी फार बारकाईने अर्थ लावले गेले. संत ऑगस्टीनने त्यात माणसाच्या उद्धाराची अख्खी कथा पाहिली: घायाळ माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी, उतारशाळेचा रक्षक म्हणजे प्रेषित पौल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अडॉल्फ युलिखर या जर्मन अभ्यासकाने उलट टोक धरलं की दाखल्याचा मुद्दा एकच असतो, प्रत्येक तपशिलाला अर्थ चिकटवू नये. मला दोघांच्या मध्ये कुठेतरी थांबावंसं वाटतं, पण संदेश तयार करताना युलिखरचं म्हणणं फार कामाला येतं. माझ्या गोष्टीचा मुद्दाही एकच हवा.

मग तो मुद्दा कोणता? एका शास्त्र्याने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण. म्हणजे मी कोणाकोणाला मदत करायची. येशूने प्रश्न फिरवून परत दिला: त्या तिघांपैकी शेजारी कोण झाला? याजक आणि लेवी निघून गेल्यावर ऐकणाऱ्याला रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जागी जावं लागतं आणि वर वाकलेला चेहरा नकोशा माणसाचा असतो. उत्तर देताना तो शास्त्री 'शोमरोनी' म्हणतच नाही. "ज्याने त्याच्यावर दया केली तो," एवढंच म्हणतो.

हे वाचलं आणि मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरात अकरा वर्षं एका माणसाचं नाव घेतलं जात नव्हतं. माझा चुलतभाऊ. जमिनीचा वाद. कधी विषय निघालाच तर आम्ही 'तो' म्हणायचो, किंवा 'त्यांच्याकडचा'. वडील दवाखान्यात होते तेव्हा तो न बोलावता आला आणि चार रात्री प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. वडिलांना उठवायचं असलं की एका हाताने सलाईनचा स्टँड ओढायचा आणि दुसरा खांदा त्यांच्यासाठी खाली करायचा. वडील त्या खांद्यावर भार टाकून चालायचे, काही न बोलता. मी दारात उभी असायचे. आभार माझ्या घशातून बाहेर येत नव्हते. चौथ्या दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीने फोनवर विचारलं, रात्री कोण आहे सोबत? मी म्हणाले, "आहे एकजण."

मी त्याला फोन करून विचारलं, हे सांगू का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांग. माझं नाव नको. आणि वादात चूक कोणाची होती ते काढू नकोस, कोणाचीच." मी दोन्ही पाळलं. संदेशात मी "आहे एकजण" पर्यंत आले आणि लूक 10:37, शास्त्र्याच्या त्या उत्तराचं वचन, वाचलं. त्यानंतर "म्हणून आपणही..." अशी चार वाक्यं लिहून आणली होती. ती मी वाचली नाहीत.

ती वाक्यं गाळायचं बळ मला नाथान संदेष्ट्याकडून मिळालं. 2 शमुवेल 12 मध्ये तो दुसऱ्याची बायको बळकावलेल्या दावीद राजासमोर उभा राहतो आणि श्रीमंताने हिरावून घेतलेल्या, गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. अवघी चार वचनं. मेंढी त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या उराशी झोपायची, मुलीसारखी होती. एवढे मोजके तपशील, आणि दावीद भडकतो. नाथान तात्पर्य सांगत नाही. राजा स्वतःच निवाडा करून मोकळा होतो आणि तेव्हाच ते वाक्य येतं: "तो मनुष्य तूच आहेस." हे वाक्य म्हणायचा अधिकार नाथानाला देवाने पाठवून दिला होता. मला तो नाही, म्हणून मी त्याच्या आधीच थांबते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही, धाकटा परत आला म्हणून दिलेल्या मेजवानीला रुसलेला थोरला भाऊ आत गेला की नाही, ते येशू सांगत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच, अंगणात, थांबते. ती ऐकणारे कुरकुर करणारे परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहुदी, होते. आत जायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं होतं.

डब्याची गोष्ट जिची होती, ती मंडळीतली बहीण सहाव्या रविवारी परत आली. आम्ही पूर्वीसारख्या बोलत नाही अजून. ती आली की मी तिच्या शेजारी जागा असेल तर बसते, आणि माझ्या संदेशाच्या रविवारी तिची मुलं समोर असतात तेव्हा कागदावरचा प्रत्येक शब्द मला दोनदा दिसतो.

येत्या रविवारी लूक 18 आहे, अन्यायी न्यायाधीश आणि विधवा. शब्द सापडलाय: 'वारंवार'. ती वारंवार येते, म्हणूनच तो न्यायाधीश कंटाळतो. गोष्ट मात्र सापडलेली नाही. वही दोनदा चाळली. एक नोंद जवळपास लागत होती, पण ती जिची आहे तिने काल नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं नाही. या वेळी मी तो दाखलाच सावकाश दोनदा वाचणार आहे. त्या विधवेच्या येण्याजाण्यात पुरेसा जीव आहे.