पार्सन्सबाईंचं पुढे काय झालं?

रविवारपासून डोक्यात तेच चालू आहे आणि घरात सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितेय. पार्सन्सबाई. बस, एवढंच.

आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये ऑर्वेलची '१९८४' कादंबरी परत वाचायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या होत्या. कॉलेजात वाचलेलं, त्यामुळे घरात बसून पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन, हुकूमशहा बिग ब्रदर आणि छळासाठीचे ते उंदीर सगळं पाठ असल्यासारखं. ही बाई मात्र मला अजिबात आठवत नव्हती. आणि आता पहिल्याच भागात दार वाजवून जी आलीये ती जायचं नाव घेत नाही.

कादंबरीचा नायक विन्स्टन चोरून डायरी लिहितोय, 'बिग ब्रदर मुर्दाबाद' लिहून बसलाय, आणि दारावर थाप पडते. त्याला वाटतं, आलेच पोलीस न्यायला. तर शेजारीण. सिंक तुंबलंय, नवरा घरी नाहीये, जरा बघता का. तिशीची बाई, पण दिसते कितीतरी थोराड, चेहऱ्याच्या सुरकुत्यांमध्ये धूळ बसलीये की काय असं वाटावं अशी. घरभर उकडलेल्या कोबीचा वास. हा पाना मागतो तर तिला पाना कुठेय तेच माहीत नाही, मुलांनी कदाचित... आणि वाक्य तिथेच सोडून देते. तिला सवयच आहे म्हणे वाक्यं अर्धी सोडायची. मग हा पाईपमधून केसांचा गुंता ओढून काढतो (शी!) आणि तेवढ्यात ती पोरं. नऊ वर्षांचा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल रोखून तू गद्दार आहेस म्हणून ओरडतोय आणि बहीण त्याचं बघून तेच करतेय. आज फाशी आहे, कैद्यांची, ती बघायला का नेलं नाहीस म्हणून दोघांनी आईला भंडावून सोडलंय. निघताना पोरगा गलोल मारतो विन्स्टनच्या मानेवर, पण त्याच्या जास्त लक्षात राहतं ते तिच्या तोंडावरचं भय. अजून एकदोन वर्षं, मग हीच पोरं रात्रंदिवस आईवर नजर ठेवतील, असं त्याच्या मनात येतं.

तर रविवारी मी एवढंच म्हटलं, की मला सगळ्यात जास्त हे लागलं, स्वतःच्याच पोटच्या पोरांची भीती वाटणं. तर कुणीतरी म्हणालं, अगं आम्हाला पण वाटते की, दहावीचं वर्ष आहे! आणि हशा. मी पण हसले. हसायचंच असतं.

मग काका आणीबाणीवर गेले. ऑर्वेलचा जन्म २५ जून १९०३ चा आणि आणीबाणी पण २५ जूनचीच, १९७५, हे ते दरवेळी सांगतात आणि दरवेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतो. पण कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध कशा बोलल्या ते सांगायला लागले की आवाज बदलतो त्यांचा, तिथे मधे कोण बोलणार. मग मोतिहारी आलंच, तो आपल्या बिहारमध्ये जन्मला, वडील अफूच्या खात्यात वगैरे. मग ॲलेक्सा आपलं सगळं ऐकते यावर अर्धा तास. मग चहा. मग 'वडे काय झालेत गं!' म्हणजे मी या ग्रुपमध्ये नक्की कशासाठी आहे ते कळलं. इतकी वर्षं... जाऊ दे.

घरी आल्यावर हट्टाने पुस्तक उलटंपालटं करून बाईला शोधत बसले. कँटीनच्या प्रसंगात विन्स्टन मनातल्या मनात यादी करतो, सरकार कुणाकुणाला गायब करणार. पार्सन्सबाई होणार, ऑफिसातला हुशार साइम होणार, आपण होणार, पक्षातला बडा माणूस ओब्रायन होणार. बाईंचा नवरा पार्सन्स मात्र कधीच नाही, इतका निष्ठावान आणि मठ्ठ माणूस तो. आणि होतं काय? साइम जातो, बुद्धिबळ कमिटीच्या यादीतून नुसतं नाव नाहीसं, बाकी सगळं जसंच्या तसं. ओब्रायन तर छळ करणाराच निघतो. आणि विन्स्टन पकडला जातो तेव्हा कोठडीत हजर कोण, तर पार्सन्स! झोपेत बिग ब्रदरविरुद्ध बरळला, ते सात वर्षांच्या लेकीने किल्लीच्या भोकातून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. आणि हा गडी तिचं कौतुक करतोय, बघा कसं वळण लावलंय मी.

बरं, मग बाई? ती कुठे? त्या लेकीबरोबर रात्री एकटी जेवायला बसली असेल ना ती? एक ओळ नाही. कादंबरीत पक्षाचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या बंदी असलेल्या पुस्तकाची पानंच्या पानं आहेत जी ऐकता ऐकता विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया झोपून जाते, ती कापा म्हणून अमेरिकेतला मोठा बुक क्लब मागे लागला तर ऑर्वेल ठाम नाही म्हणाला. त्या पानांसाठी भांडला, आणि हिच्यासाठी एक ओळ खर्च केली नाही. पण चिडणार तरी किती, स्कॉटलंडच्या जुरा बेटावर क्षयाने खंगत टाईप करत होता माणूस. पुस्तक जून १९४९ मध्ये आलं आणि जानेवारी १९५० मध्ये हा गेला. सेहेचाळीस वर्षांचा.

माझ्या लेकीने मध्ये मी मावशीशी फोनवर बोलत असताना व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हसण्याच्या इमोजी. मी काही वाईट बोलत नव्हते, म्हणजे एका व्यक्तीबद्दल जरा... तर त्यानंतर मी किचनमध्ये फोन घेते आणि एक्झॉस्ट लावते. कुणी सांगितलं नाहीये लावायला. ती गुणी आहे हो, गंमत म्हणूनच केलं तिने, आणि उद्या मी हे लिहिलेलं वाचलं तर आधी माझं शुद्धलेखन काढेल. पण रविवारी मला हे सांगायचं होतं आणि बाहेर आलं ते भलतंच, पुस्तकातलं.

विन्स्टनच्या आईचं आणि चॉकलेटचं ते प्रकरण पण आहे दुसऱ्या भागात. ते आज नको.

मात्र आज कुकर लावताना एकदम वाटलं, की ओब्रायन आणि पार्सन्स, दोघांच्या बाबतीत विन्स्टनचा अंदाज चुकलाय तर तिच्या बाबतीत पण चुकलाच असेल ना? म्हणजे ती असेल. बाकी सगळे मोठे डोकेबाज लोक गेले आणि ही अर्धी वाक्यं बोलणारी बाई तिथेच, सातव्या मजल्यावर, लिफ्ट बंद, कोबी शिजतोय. मला फार बरं वाटलं, का ते विचारू नका. अर्धं वाक्य कुणाला पकडता येतं? मी पण अर्धी वाक्यं बोलते असं हे कायम म्हणतात.

पुढच्या बैठकीला तिसरा भाग आहे. रूम १०१ वर, म्हणजे त्या छळाच्या खोलीवर, सगळे तुटून पडणार, ते ठरलेलंच. काल ग्रुपवर मेसेज आला, 'यावेळी पण वडे का?' हो म्हटलं. पण वडे डब्यातच राहतील, आधी पार्सन्सबाई. खाऊन झाल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.